ध्रुवांवरील रडारजाळे : गरज सर्वांची, पदरमोड कुणाची?

खास प्रतिनिधी

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर पसरलेली लाल आभा टिपली. ध्रुवीय प्रदेशात दिसणारा हा प्रकाश भारतातून दिसावा ही दुर्मीळ घटना होती. दुसऱ्या दिवशी ती छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, लोकांनी ती एकमेकांना पाठवली आणि दोन दिवसांत हा विषय मागे पडला. त्याच दिवसांत अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात मात्र ऐन पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टर थांबले होते. तेथील शेतकरी उपग्रहांच्या साह्याने सेंटिमीटरच्या अचूकतेने तास ओढतात. त्या रात्री उपग्रहांचे संदेश वाटेतच विस्कटले आणि ट्रॅक्टरला आपण कुठे आहोत हेच कळेना.

हान्लेची लाली आणि अडलेले ट्रॅक्टर यांच्यामागचे कारण एकच होते. सूर्यावरून निघालेल्या विद्युत्भारित कणांच्या लोटांनी पृथ्वीचे चुंबकीय कवच हलवून सोडले आणि एरवी ध्रुवांभोवती वावरणारी खळबळ विषुववृत्ताच्या दिशेने खाली उतरली. ही खळबळ नेमकी कोठे आहे, किती वेगाने वाहते आहे आणि कोणत्या दिशेने सरकते आहे, हे सांगणारे एक जाळे जगात आहे. कॅनडाच्या ओसाड किनाऱ्यापासून अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत पसरलेली तीसहून अधिक रडारे मिळून ते बनले आहे. ‘सुपर ड्युअल ऑरोरल रडार नेटवर्क’, म्हणजेच ‘सुपरडार्न’, असे त्याचे नाव. ते बांधले शास्त्रज्ञांनी आणि चालते संशोधन अनुदानांवर. त्याच्या मोजमापांची गरज मात्र आता विमान कंपन्या, उपग्रह कंपन्या आणि वीज मंडळे यांनाही भासू लागली आहे. हे गणित फार काळ जुळून राहील, असे मानण्यास आज तरी आधार दिसत नाही.

आकाशातील दोन भोवरे

जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ होते की, सूर्याच्या अतिनील किरणांनी तिच्यातील अणूंचे तुकडे पडतात आणि विद्युत्भारित कण मोकळे फिरू लागतात. हेच आयनांबर. आपल्या डोक्यावरही ते आहे. पण ध्रुवांजवळ त्याचा स्वभाव वेगळा असतो. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा तेथे जवळजवळ उभ्या खाली उतरतात आणि त्या रेषांवाटे अवकाशातील घडामोडी थेट वातावरणापर्यंत पोहोचतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये याचा मूळ विचार मांडला. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यासोबत त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र येते. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय रेषा त्याच्याशी जोडल्या जातात, वाऱ्याबरोबर मागे खेचल्या जातात आणि पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस पुन्हा मिटून माघारी येतात. या ओढाताणीचे प्रतिबिंब ध्रुवीय आयनांबरात उमटते. विद्युत्भारित वायू दिवसाच्या बाजूकडून ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे वाहतो आणि पहाट व संध्याकाळ या दोन बाजूंनी परततो. वरून पाहता आले असते तर शेजारी शेजारी फिरणारे दोन प्रचंड भोवरे दिसले असते.

या प्रवाहाचा वेग सेकंदाला काहीशे मीटर असतो, वादळात तो किलोमीटरच्याही पुढे जातो. तो वाहताना भोवतालच्या सामान्य हवेला घासतो, ती तापते, फुगते आणि वर चढते. वरवर पाहता ही निरुपद्रवी बाब वाटेल. परंतु ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पेसएक्स कंपनीने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे ४० उपग्रह याच फुगलेल्या हवेने खाली ओढले. सुमारे २१० किलोमीटर उंचीवर ते काही काळच राहणार होते आणि तेथून स्वतःच्या बळावर वर चढणार होते. तेवढ्यात चुंबकीय वादळ आले, हवेचा रोध आधीच्या प्रक्षेपणांच्या तुलनेत निम्म्याने वाढला आणि उपग्रह परत येऊन जळाले. यातील बोचणारी गोष्ट अशी की, ते वादळ मोठे नव्हते. वादळांच्या क्रमवारीत त्याची गणना किरकोळ म्हणूनच झाली होती.

शॉर्टवेव्हची करामत

जुन्या पिढीतील वाचकांना रेडिओ सिलोनचे २५ मीटर बँडवरचे प्रसारण आठवत असेल. आवाज मध्येच खोल जायचा, खरखर वाढायची, मग पुन्हा गाणे स्पष्ट व्हायचे. कोलंबोहून निघालेल्या लहरी आयनांबराला धडकून खाली वळत आणि हजारो किलोमीटरवरच्या घराघरांत पोहोचत. गाण्याचा तो चढउतार म्हणजे आयनांबराची हालचालच होती. ध्रुवीय रडारे नेमका हाच पट्टा वापरतात, म्हणजे ८ ते २० मेगाहर्ट्झ.

हा पट्टा निवडण्यामागे एक अडचण होती आणि तिच्यावर काढलेली युक्ती मोठी सुरेख आहे. विद्युत्भारित वायूत चुंबकीय रेषांच्या दिशेने लांबच लांब सुरकुत्या पडतात. रडारची लहर त्या सुरकुत्यांवर काटकोनात आदळली तरच तिचा पुरेसा अंश आल्या वाटेने परत येतो. ध्रुवांजवळ रेषा उभ्या; त्यामुळे जमिनीवरून तिरक्या निघालेल्या, सरळ जाणाऱ्या लहरीला उंच थरात हा काटकोन साधणे अशक्य होते. १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात उभारलेल्या रडारांची मजल म्हणूनच खालच्या थरापुरती आणि मर्यादित क्षेत्रापुरती राहिली. शॉर्टवेव्हच्या लहरी मात्र आयनांबरात शिरताना वाकतात. वाकता वाकता कोठेतरी त्या चुंबकीय रेषांना काटकोनात येतात आणि तेथून प्रतिध्वनी मिळतो. ज्या गुणामुळे सिलोनची गाणी महाराष्ट्रात ऐकू येत, त्याच गुणाचा हा शास्त्रीय उपयोग.

रडार म्हटले की, विमानतळावरची फिरती तबकडी डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही फिरत नाही. सुमारे पाव किलोमीटर लांबीत एका रांगेत १६ अँटेना उभ्या असतात. त्यांना दिलेल्या संदेशांत सूक्ष्म फरक ठेवून रडारची नजर एकामागून एक १६ दिशांना वळवली जाते. एक-दोन मिनिटांत ५० अंशांहून थोडा अधिक विस्ताराचा पंखा पूर्ण होतो. दृष्टी पोहोचते तीन हजार किलोमीटरच्या पलीकडे. प्रत्येक अँटेनामागचा प्रक्षेपक साधारण ६०० वॉटचा असतो. स्वयंपाकघरातील मिक्सरही तेवढी वीज खातो. परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून तेथील वायू किती वेगाने जवळ येत आहे वा दूर जात आहे, हे कळते.

नेमके येथेच एकट्या रडारचे दुबळेपण उघड होते. रस्त्याच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाला समोरून येणारी गाडी किती वेगात आहे हे कळते. पण ती आडवी निघाली तर त्याचा अंदाज चुकतो. रडारचेही तसेच. ते फक्त आपल्या दिशेचा वेग सांगते. खरा वेग आणि खरी दिशा हवी असेल तर त्याच आकाशाकडे वेगळ्या कोनातून पाहणारे दुसरे रडार हवे. ‘सुपरडार्न’मधील ‘ड्युअल’ या शब्दाचा उगम हाच. फिनलंडमधील हांकासाल्मी येथील रडार आणि आइसलंडमधील रडार ही अशीच एक जोडी. एक पूर्वेकडून, दुसरे पश्चिमेकडून आणि दोघांचे लक्ष एकाच टापूवर.

भिशीचे तत्त्व

या जाळ्याची सुरुवात १९८३ मध्ये कॅनडातील लॅब्रॅडॉर भागात गूस बे येथे झाली. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रेमंड ग्रीनवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले ते पहिले रडार. १९८८ मध्ये अंटार्क्टिकातील ब्रिटनच्या हॅली स्थानकावर त्याचे जोडीदार उभे राहिले. गूस बेच्या आकाशातून निघणाऱ्या चुंबकीय रेषा अवकाशातून वळसा घेऊन दक्षिणेत जेथे उतरतात, तो भाग हॅलीच्या नजरेत येतो; म्हणून ती जागा. १९९५ मध्ये ग्रीनवॉल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक जाळ्याची कल्पना शोधनिबंधातून सविस्तर मांडली, तोवर अनेक देश त्यात उतरले होते. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, फ्रान्स, इटली, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि चीन अशा दहा देशांच्या संस्था ही रडारे चालवतात.

या व्यवस्थेची तुलना आपल्याकडील भिशीशी करता येईल. प्रत्येक देश आपापले रडार आपापल्या खर्चाने बांधतो, चालवतो आणि दुरुस्त करतो. कोणत्या दिवशी कोणत्या पद्धतीने मोजमाप करायचे याचे वेळापत्रक सर्वांचे मिळून ठरते. सगळी मोजमापे एका ठिकाणी जमा होतात आणि मग प्रत्येकाला संपूर्ण ध्रुवीय आकाशाचा नकाशा मिळतो. जॉन रुओहोनिएमी आणि केल बेकर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने हा नकाशा तयार होतो. जेथे मोजमाप आहे तेथे ते घ्यायचे, जेथे नाही तेथे सांख्यिकी प्रारूपाने रिकामी जागा भरायची. एका सभासदाने एक रडार टाकले, पदरात तीसांचे पीक पडले. सौदा नक्कीच फायद्याचा.

भिशीचे जे बळ तेच तिचे वर्म. एखाद्या सभासदाचा हप्ता चुकला की, सर्वांचीच रक्कम घटते. मोजमापे कमी झाली तरी नकाशा तयार होतच राहतो. फक्त त्यात प्रत्यक्ष पाहिलेला भाग आक्रसतो आणि अंदाजाने भरलेला भाग वाढतो. कागदावर दोन्ही भोवरे पूर्वीइतकेच रेखीव दिसतात. नवख्या वाचकाला त्यातील फरक कळणारही नाही.

बंद पडलेली दारे

ही भीती अनाठायी नाही. ध्रुवीय आकाशाचा अभ्यास करणारी दुसऱ्या जातीची रडारे आहेत. ती एका जागेवर प्रचंड शक्ती केंद्रित करून विद्युत्कणांची घनता, तापमान आणि उंचीनुसार होणारे बदल मोजतात. सुपरडार्न विस्तार दाखवते, ही रडारे खोली दाखवतात. ग्रीनलंडमधील सोंड्रेस्ट्रॉम येथे असे एक रडार १९८३ पासून काम करत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्याचे अनुदान थांबवले आणि २०१८ मध्ये ते बंद झाले. साडेतीन दशकांची मोजमापांची सलग रेषा तेथे तुटली. याच प्रतिष्ठानच्या अंदाजपत्रकात निम्म्याहून अधिक कपात सुचवणारा प्रस्ताव अमेरिकी प्रशासनाने मे २०२५ मध्ये मांडला होता. प्रस्ताव म्हणजे मंजुरी नव्हे, तेथील संसद या बाबतीत स्वतःचे मत राखून असते. तथापि सुपरडार्नमधील अमेरिकी रडारांचा मोठा आधार हेच प्रतिष्ठान आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

युरोपात ‘आइस्कॅट’ या संस्थेची स्थापना १९७५ मध्ये सहा देशांनी केली. पुढे फ्रान्स व जर्मनी बाहेर पडले, जपान आणि चीन आत आले. या संस्थेने नॉर्वेतील स्किबोटन, स्वीडन आणि फिनलंड अशा तीन ठिकाणी हजारो छोट्या अँटेनांचे नवे रडार बांधण्यास २०१७ मध्ये प्रारंभ केला. स्किबोटनच्या एकाच मैदानात सुमारे दहा हजार अँटेनांची योजना आहे. आकाशाचे त्रिमिती चित्र काढणारे हे यंत्र खरोखर अद्‌भुत ठरेल; मात्र त्याचे वेळापत्रक वारंवार पुढे ढकलावे लागले.

निसर्गही फारशी दयामाया दाखवत नाही. हॅली स्थानक ज्या हिमतटावर उभे आहे, त्याला भेगा पडू लागल्याने २०१६-१७ च्या उन्हाळ्यात संपूर्ण स्थानक काही अंतर आत हलवावे लागले. २०१७ पासून तेथे हिवाळ्यात माणसे राहत नाहीत. सुमारे साडेतीन महिन्यांची ध्रुवीय रात्र हाच जेथे निरीक्षणाचा सर्वोत्तम काळ, तेथे यंत्रे एकटी सोडून निघून यावे लागते.

आणि मग युद्ध. आर्क्टिक महासागराच्या किनाऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग रशियाच्या हद्दीत येतो. सायबेरियाच्या बाजूला सुपरडार्नची नजर पहिल्यापासून विरळ होती. रशियन शास्त्रज्ञांनी एकातेरिनबर्गजवळ याच धर्तीचे रडार उभारल्याने ती पोकळी भरून निघेल, अशी आशा होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि ३ मार्च रोजी आर्क्टिक परिषदेतील उरलेल्या सातही देशांनी रशियाच्या अध्यक्षतेखालील बैठकांवर बहिष्कार टाकला. पाश्चात्त्य विद्यापीठे आणि रशियन संस्था यांच्यातील अनेक करार त्याच वर्षी गोठले. शीतयुद्धाच्या ऐन भरात, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, अमेरिका व सोव्हिएत संघ ध्रुवांची मोजमापे एकमेकांना देत होते. त्या तुलनेत आजची स्थिती मागे गेलेली आहे, असेच म्हणावे लागेल.

चीनने मात्र याच काळात हात आखडता घेतलेला नाही. अंटार्क्टिकातील झोंगशान स्थानकावर त्याचे रडार २०१० पासून आहे. अलीकडे चीनच्या उत्तर भागात, पूर्वेकडील जिलिनपासून पश्चिमेकडील शिनजियांगपर्यंत तीन ठिकाणी मिळून सहा रडारे उभी राहिली. त्यांची तोंडे उत्तरेकडे, म्हणजे आशियाच्या ध्रुवीय आकाशाकडे आहेत. सायबेरियावरची पोकळी आता बऱ्याच अंशी चिनी रडारे भरत आहेत. पाश्चात्त्य देशांचे हात आखडत असताना या भिशीतील एका सभासदाचा वाटा वाढत आहे. शास्त्राच्या दृष्टीने हे स्वागतार्हच. नकाशाची सूत्रे उद्या कोणाच्या हाती असतील, हा प्रश्न निराळा.

वादळात बहिरी होणारी रडारे

या जाळ्याचे गुणगान करताना त्याचा एक मोठा दोष सांगितला पाहिजे. सूर्यावरून अतिवेगवान प्रोटॉन आले की, ते ध्रुवीय वातावरणात ६० ते ९० किलोमीटरपर्यंत खोल शिरतात. तेथला थर मग शॉर्टवेव्ह लहरी शोषून घेऊ लागतो. रडारची लहर वर पोहोचण्यापूर्वीच विरते, प्रतिध्वनी येत नाही. म्हणजे ज्या दिवशी माहितीची सर्वाधिक निकड, त्याच दिवशी रडार बहिरे. याखेरीज मोठ्या वादळात ध्रुवीय खळबळच दक्षिणेकडे सरकते आणि उत्तरेकडे बसवलेल्या रडारांच्या नजरेखालून निसटते. या दुसऱ्या दोषावर उपाय निघाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावरील वॉलप्स बेटावर आणि पाठोपाठ जपानमध्ये होक्काइडो येथे, बऱ्याच खालच्या अक्षांशांवर रडारे बसवण्यात आली. पहिला दोष मुळातलाच. तो जाणार नाही. शास्त्रज्ञांनी त्यातूनही वाट काढली आहे. रडारे कोठे, कधी आणि किती वेळ बहिरी झाली, याच्याच नोंदी करून शॉर्टवेव्ह संपर्क कोठे तुटला आहे याचे नकाशे काढता येतात.

हा नकाशा वैमानिकांच्या थेट उपयोगाचा आहे. उत्तर अमेरिका आणि आशिया यांच्यातील लांब उड्डाणे ध्रुवावरून गेली तर वेळ व इंधन वाचते. साधारण ८२ अक्षांशाच्या पलीकडे विषुववृत्तावर स्थिर असलेले दूरसंचार उपग्रह क्षितिजाखाली जातात आणि पारंपरिक भिस्त शॉर्टवेव्हवर येते. जानेवारी २००५ मध्ये सौर वादळामुळे अवघ्या काही दिवसांत युनायटेड एअरलाइन्सला आपली २६ ध्रुवीय उड्डाणे दुसऱ्या मार्गाने वळवावी लागली होती. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरुला उत्तर ध्रुवावरून विमान आणले तेव्हा त्यांचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. त्या मार्गावरचे आकाश शांत आहे की नाही हे ठरवणारी यंत्रणा मात्र कौतुकाच्या बातम्यांत कोठे नव्हती.

विजेचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकांत गेले आहे. १३ मार्च १९८९ च्या पहाटे कॅनडाच्या क्युबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे ९० सेकंदांत कोसळले आणि ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ध्रुवीय आकाशातील विद्युत्प्रवाहांनी जमिनीत आणि तारांत प्रवाह निर्माण केले होते. क्युबेक तेव्हा त्या प्रवाहांच्या बरोबर खाली होता.

कुलाब्याची नोंद

या विषयाशी मुंबईचे नाते बहुतेकांना वाटते त्यापेक्षा जुने आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी झालेले सौर वादळ हे ज्ञात इतिहासातील सर्वांत तीव्र वादळांपैकी एक मानले जाते. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे त्याने बंद पाडली. उत्तरेकडील वेधशाळांतील नोंदी ध्रुवीय प्रवाहांच्या गोंधळाने गढूळ झालेल्या किंवा कागदाबाहेर गेलेल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतके घसरल्याची नोंद हाताने लिहून ठेवलेली होती. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी यांच्यासमवेत २००३ मध्ये या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा त्या वादळाची खरी ताकद जगाला कळली. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अज्ञात कारकुनाची चिकाटी अशी कामी आली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली, तेथे आजही मोजमापे चालू आहेत. तिची पालकसंस्था असलेली भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे.

हीच संस्था अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ (१९८९) आणि ‘भारती’ (२०१२) या भारतीय स्थानकांवर चुंबकमापक चालवते. ‘मैत्री’वर आयनांबरातील शोषण मोजणारी यंत्रेही बसवली गेली. आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहावर, ‘हिमाद्री’ हे भारताचे स्थानक २००८ पासून आहे. मार्च २०२२ मध्ये भारताने आपले आर्क्टिक धोरणही जाहीर केले. आंध्र प्रदेशात गदंकी येथे वातावरणाचा वेध घेणारे मोठे रडार भारतीय अभियंत्यांनी तीन दशकांपूर्वी उभारले आहे. ज्ञान आहे, जागा आहे, माणसे आहेत. तरीही सुपरडार्नच्या दहा देशांत भारत नाही.

‘भारती’ स्थानक लार्समन टेकड्यांमध्ये आहे. त्याच टेकड्यांत, काही किलोमीटरवर, चीनचे झोंगशान स्थानक आहे आणि तेथील रडार गेली अनेक वर्षे दर मिनिट-दोन मिनिटांनी ध्रुवाकडे नजर टाकत आहे. आपण मात्र जमिनीवरच्या चुंबकसूचीचे थरथरणे टिपतो आहोत. चुंबकमापकाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही, कुलाब्याने ते सिद्ध केलेच आहे. परंतु तो एका बिंदूवरची गोष्ट सांगतो आणि प्रवाहाचे चित्र त्याच्याकडून मिळत नाही.

याविरुद्धचे युक्तिवाद दुबळे नाहीत. भारत विषुववृत्ताजवळचा देश आहे आणि आपल्या डोक्यावरच्या आयनांबराचे प्रश्न वेगळे आहेत. सूर्यास्तानंतर येथे उठणाऱ्या बुडबुड्यांनीच आपले उपग्रह-संदेश अधिक बिघडतात. मर्यादित पैसा त्यावर खर्च करावा, असे म्हणणारे शास्त्रज्ञ चूक नाहीत. ‘मैत्री’च्या एका बाजूला दक्षिण आफ्रिकेचे सानाए, दुसऱ्या बाजूला जपानचे स्योवा, तर ‘भारती’च्या शेजारी झोंगशान, म्हणजे कोणी न पाहिलेले आकाश पाहण्याचे श्रेयही भारताला मिळणार नाही. शिवाय मोजमापे संशोधकांना खुली असतात. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी खर्च का करावा?

या शेवटच्या प्रश्नावरच प्रस्तुत प्रतिनिधीचे दुमत आहे. सगळ्यांनीच असा हिशेब केला तर वाटून घ्यायला काही उरणारच नाही. सोंड्रेस्ट्रॉमचे रडार बंद झाले तेव्हा त्याची मोजमापे वापरणारे जगभर होते. ते चालवण्याचा खर्च उचलणारा मात्र एकच होता. श्रेयाचा मुद्दाही वेगळ्या बाजूने पाहता येतो. एकाच आकाशाकडे दुसऱ्या कोनातून पाहणारे रडार ही या जाळ्याची मूळ गरज आहे. अंटार्क्टिकातली रडारे मुळात कमी, त्यात वाऱ्याने अँटेना मोडणे आणि सुटा भाग पुढच्या उन्हाळ्यातील जहाजाची वाट पाहत पडून राहणे हे तेथले नित्याचेच. अशा ठिकाणी जोडीला आणखी एक रडार असेल तर त्याचे मोल नव्या जागेइतकेच. आणि विषुववृत्तावरचे आकाश तरी ध्रुवापासून अलिप्त कोठे आहे? वादळात ध्रुवांवरची विद्युत्क्षेत्रे काही मिनिटांत विषुववृत्तापर्यंत पोहोचतात, तापलेल्या हवेचे लोट काही तासांत येतात. गदंकी आणि अलिबागच्या नोंदींतील कित्येक चढउतारांचे कारण ध्रुवांवरच शोधावे लागते.

भारताने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘आदित्य-एल१’ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. जानेवारी २०२४ मध्ये ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. सूर्याकडून काय निघाले, हे आता आपण स्वतःच्या यंत्रांनी पाहतो. ते येथे पोहोचल्यावर ध्रुवांवर काय घडले, यासाठी मात्र इतरांच्या नकाशाकडे पाहावे लागते.

निर्णयाची वेळही जवळ आली आहे. ‘मैत्री’ स्थानक तीन दशकांहून जुने झाले असून त्याच्या जागी नवे स्थानक उभारण्याची तयारी सुरू आहे. सोळा अँटेनांच्या रांगेला पाव किलोमीटर मोकळी, पक्की जमीन लागते. बारा महिने अखंड वीज लागते. आणि इतर यंत्रांना त्रास होऊ नये म्हणून ती रांग निवासी इमारतींपासून दूर ठेवावी लागते. स्थानक बांधून झाल्यावर या गोष्टींसाठी जागा शोधणे अवघड होते. आराखड्यात आज त्यांची तरतूद झाली तर रडार पाच वर्षांनीही उभारता येईल.